एका ओढीत सगळं बंद

कंपनीने घरी बसवलं, त्यानंतर मी जुनी व्हॅन विजेवर करायला घेतली. हौस नव्हती. सकाळी उठून माणसाला कुठेतरी जायचं असतं. मी अंगणात व्हॅनखाली जायचो. तळेगावच्या आमच्या आळीत मला कोणी काही विचारेनासं झालं होतं आणि ते बरंच होतं.

बायकोने मात्र गाडीला काम काढलं. तिच्या आईला भाजे गावाहून लोणावळ्याला डायलिसिसला न्यावं लागे, रिक्षात हाल होत. "या गाडीतून नेऊ," ती म्हणाली, "पण एक ओढलं की सगळी वीज तुटली पाहिजे. नाहीतर माझी आई बसणार नाही."

तसा खटका मी बसवला. लाल, मुठीएवढा, पुढच्या दोन सीटच्या मधोमध. कारखान्यात सुरक्षा सप्ताहाचं भाषण माझंच असायचं, तेव्हा शंकेला जागा नव्हती.

डायलिसिसच्या दिवशी सकाळी सासुरवाडीच्या अंगणात गाडी मागे घेत होतो. मागे घेताना आरतीची धून वाजे. ती आधीच्या मालकाने बसवलेली. "ओढ आता," मी म्हणालो. बायकोने ओढलं. गाडी थांबली. मी उतरलो, सीट उचलली आणि बॅटरीच्या तारेला पाना लावायला निघालो, वीज गेल्याचं सगळ्यांना दाखवायला.

"दाजी," मेव्हणा पडवीतून म्हणाला, "गाडी मेली म्हनता, मग आरती कोन म्हनतंय?"

धून चालूच होती. बायकोने माझं मनगट धरलं.

घोळ साधा होता. जुनी छोटी बॅटरी मी जागा वाचवायला काढून टाकली होती. दिवे, हॉर्न आणि आरती यांची तार विजेचा दाब उतरवून मोठ्या बॅटरीवरून, खटक्याच्या अलीकडूनच घेतली होती. खटका तोडत होता फक्त मोटर. पाना जिथे टेकणार होता तिथे पूर्ण वीज होती. भीती वाटायला हवी होती. मला एवढंच वाटलं, की धून बेसूर आहे.

"सुरक्षेची भाषणं तुमीच देत व्हता न्हवं?" मेव्हणा म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. "टाळ्याही पडायच्या."

मग खटका बॅटरीच्या तोंडाशीच बसवला, त्याच्या अलीकडे एकही तार ठेवली नाही. मीटर लावून पाहिलं, पुढे काही जात नव्हतं. बायकोने स्वतः पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं आणि म्हणाली, "आज रिक्षाच."

मायलेकी रिक्षात. मी मागून व्हॅन नेली, चालवून बघायला. मेव्हणा शेजारी बसून डुलक्या घेत होता.

डायलिसिस उरकून बाहेर आल्यावर सासूबाई रिक्षाकडे वळल्याच नाहीत. "त्यात लय हादरतं. जावईबापू, दार उघडा."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मग तिने भावाला रिक्षात पाठवलं, आईला मागे नीट बसवलं आणि स्वतः पुढे बसली, मूठ लाल खटक्यावर.

मी सावकाश चालवली. मळवलीच्या रेल्वे फाटकाशी थांबलो तरी मूठ तशीच होती. आरशात पाहिलं. सासूबाईंची मान कलली होती, बारीक घोरणं ऐकू येत होतं.

"झोपल्या," मी म्हणालो.

"तुम्ही रस्त्याकडे बघा," बायको म्हणाली.