पुलावर घ्यायचं नाव

साकोलीकडचा तेजराम बायकोच्या अस्थी घेऊन सायकलने राजिमच्या संगमावर निघाला, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. रेल्वे असताना हे हाल कशाला? पण त्याचं म्हणणं सरळ होतं. अस्थी नेताना प्रत्येक नदीवर गेलेल्या माणसाला हाक मारावी लागते, 'चाल, पूल आला', नाहीतर जीव अलीकडेच अडकतो. रेल्वेत पूल कधी आला न् कधी गेला, पत्ताच लागत नाही.

कलावती गेली तेव्हा तो रडला नव्हता. दगड आहे, असं लोक म्हणाले. त्याला खरंच काही वाटत नव्हतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती.

पाय सुजले म्हणून भिलाईला भाची मैनाबाईकडे तो एक दिवस थांबला. अस्थींचं गाठोडं घरात नेत नाहीत, जमिनीवर टेकवत नाहीत. ते दारच्या कडुलिंबाला टांगलं. जावई बळीराम तिथल्या नव्या पोलाद कारखान्यात खलाशी, म्हणजे जड सामान ओढणारा मजूर. पहिली भट्टी नुकतीच पेटली होती आणि त्याचा थाट असा, जणू कारखाना त्याला लग्नात आंदण मिळाला होता! रविवारची सुट्टी साधून त्याने पाहुण्याला गाव दाखवायला काढलं. कारखान्याच्या चिमण्या झाल्या, एकसारख्या क्वार्टरांच्या रांगा झाल्या, बाजारात वांगी निवडणाऱ्या, कारखाना उभारायला आलेल्या रशियन इंजिनिअरांच्या बायकाही झाल्या.

"पाहा ना जी, मामाजी!"

"पाहून राहिलो," तेजराम म्हणे. डोळे नुसते उघडे. गरम भज्याने जीभ पोळली, तेही त्याला उशिरा कळलं.

दुपारी भात वाढता वाढता मैनाबाईने विचारलं, "वाटेत शिवनाथ नदीवर मामीले कशी हाक मारली जी?"

"अवो, चाल, म्हटलं."

तिचा हात थांबला. "अवो तं हरेक बाईले म्हणते! नाव नाही घेतलं?"

बायकोचं नाव घ्यायची तेजरामच्या घरात रीतच नव्हती. लग्नात बायकांनी नाव घ्यायला दार अडवलं, तेव्हाही हा बहाद्दर मागच्या दाराने पळाला होता. पुढे उभ्या संसारात त्याचं 'अवो'वर भागलं.

"मंग मामी कुठी राहिली असन?" मैनाबाई हळू म्हणाली. "पुलावर जाऊन नाव घेऊन बोलावा. जिथी असन तिथून येते थे."

त्याने हात धुतले, गाठोडं गळ्यात अडकवलं आणि त्याच सुजलेल्या पायांनी आल्या वाटेने मागे दुर्गकडे सायकल हाणली.

शिवनाथच्या पुलावर बैलगाड्यांची वर्दळ होती. कोणी ऐकेल म्हणून तो बराच वेळ लाजत उभा राहिला. मग म्हणाला, "कलावती." घशातून नुसती हवा आली. त्याने पुन्हा, मोठ्याने हाक मारली, "कलावती! चाल वो, पूल आला!"

आणि सवयीने थांबला. घरी हाक मारली की आतून लगेच "काजी?" यायचं, तिचे हात पिठात असोत की शेणात. तो वाट पाहत राहिला. एक ट्रक गेला, मागून दुसरा गेला. ओ काही आली नाही.

तेव्हा कुठे तेजरामला कळलं की कलावती मेली आहे, आणि तो कठडा धरून ओक्साबोक्शी रडला.