गुलाबी दोऱ्यातली आठ प्रकरणं

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. त्याला माझं सगळं ठाऊक असतं, मी आमटीत मीठ टाकायला विसरले हेही माझ्याआधी त्याला कळतं. पण हे नाही. चार वर्षं झाली, तोंडापर्यंत येतं आणि मी दुसरंच काहीतरी बोलते. आज तुम्हाला सांगते आहे. का सांगते आहे, ते मलाही नीट कळलेलं नाही.

मी तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर इंदिरानगरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये वाचक कट्टा सुरू केला. महिन्यातून एका रविवारी सकाळी दहा-बारा जण जमायचं आणि एका कादंबरीवर बोलायचं. नियम मीच घातला होता. ज्याला कादंबरी संपवता आली नाही, त्यानं लाजायचं नाही, कितव्या पानावर सोडली ते सांगायचं. 'पान?' असं सगळे एका सुरात विचारत. एक इंजिनिअर गृहस्थ दर महिन्याला चौदाव्या पानावर झोपायचे, त्यावर हशा व्हायचा.

माझी पाळी आली की मी म्हणायचे, "पूर्ण."

खरं सांगू? निम्म्या वेळा ते खोटं असायचं. पहिली पन्नास पानं, शेवटची दहा, आणि मलपृष्ठ. तेवढ्यावर मी अर्धा तास बोलू शकत असे, लोक वहीत उतरवूनही घेत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — वर्गात ही म्हण शिकवताना मला कधी हसू आलं नाही.

पण ही कबुली त्याची नाही. ते चालून गेलं असतं. ज्या पुस्तकांबद्दल मी खोटं बोलले, ती छापून झालेली होती. माझ्यावाचून त्यांचं काय अडणार होतं?

नजमा कट्ट्यावर आली ती माझ्याचमुळे. द्वारका चौकाजवळ तिचं शिवणाचं दुकान आहे, माझे ब्लाउज ती शिवायची. माहेर मालेगावचं, घरात यंत्रमाग. शिक्षण दहावीपर्यंत, पण वाचायची अधाशासारखी, आणि पान मात्र अगदी खरं सांगायची. एकदा सगळे एका कादंबरीचं तोंडभरून कौतुक करत होते, तर ही म्हणाली, "दोनशे बारा. पुढं त्या बाईला लय मारलंय. माझ्याच्यानं नाय वाचवलं." मला तिचा थोडा रागच आला. माझ्या इतक्या वर्षांच्या भाषणांत असं एकही वाक्य नव्हतं.

मग एका दुपारी ती घरी आली, हातात कापडी पिशवी. तिनं कादंबरी लिहिली होती. सहा वर्षं, दुकान सांभाळून. अकरा प्रकरणं, सुट्या फुलस्केप कागदांवर, आणि पानं निसटू नयेत म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या चारही कडांना गुलाबी दोऱ्याचा कच्चा टाका. "दोरा ओढला की सुटतो, मॅडम," ती म्हणाली. कट्ट्यावरच्या एकांच्या ओळखीचा प्रकाशक होता. मॅडमना आवडली तर बघतो, असं त्यानं कळवलं होतं. म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर होतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी तीन दोरे ओढले. तीन प्रकरणं वाचली. वाईट होती का? नव्हती. मागाच्या धडधडीत वाढलेली एक मुलगी, तिच्याशी न बोलणारे वडील — चांगलं होतं. पण अक्षर बारीक, अनुस्वारांची दैना, आणि माझ्या मनात सारखं हेच, की ब्लाउज शिवणारी बाई लिहून लिहून काय लिहिणार? शितावरून भाताची परीक्षा करता येते, म्हटलं. पिशवी कपाटावर ठेवली. दोन महिने ती तिथेच होती.

कट्ट्याच्या दिवशी मी पिशवी तिला परत दिली आणि सगळ्यांसमोर बोलले. "सुरुवात आश्वासक आहे. पण मधे पसरते, आणि शेवट घाईत उरकला आहे." हे वाक्य कुठल्याही कादंबरीला लागू पडतं. मी ते वर्षानुवर्षं वापरलं आहे.

नजमानं पिशवी मांडीवर घेतली, गठ्ठा बाहेर काढला आणि कडांवरून अंगठा फिरवू लागली. एक, दोन, तीन. चौथ्या प्रकरणावर अंगठा थांबला. तिथून पुढे तिचेच टाके, तिनं घातले तसेच. तेव्हा — तेव्हा कुठे मला आठवलं की ते दोरे आहेत. वाचणं हा माझा धंदा, आणि वाचल्याची साधी खूणही मला उमटवता आली नव्हती.

त्याच क्षणी त्या इंजिनिअर गृहस्थांनी सवयीनं, गमतीनं विचारलं, "मॅडम, पान?"

नजमानं माझ्याकडे पाहिलं. गठ्ठा पिशवीत सरकवला आणि म्हणाली, "मॅडमनी पूर्ण वाचली."

प्रकाशकाला नकाराचा निरोप गेला. ती पुन्हा कट्ट्यावर आली नाही. मी फोन करू शकले असते, पिशवी परत मागू शकले असते. द्वारका काही फार लांब नाही. केलं नाही. वर आणखी एक नीचपणा केला — शिंपीण बदलली.

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी घाईत ब्लाउज हवा होता, तेव्हा नजमाकडे गेले. दुकान तेच होतं. भिंतीवर खिळ्याला मापाचे कागद अडकवलेले, बाह्या, गळे, पाठी. शिंपी एरवी वर्तमानपत्राचे कापतात. हे फुलस्केप होते. बारीक अक्षर होतं.

ती माझ्या दंडाचं माप घेत होती आणि मी तिच्या खांद्यावरून एक बाही वाचत होते. 'अब्बांनी मागाचं बटण बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली आणि म्हणाले' — तिथे काखेचा गोल कापला होता.

काय म्हणाले? मला विचारायचं होतं. इतक्या पुस्तकांत मला पुढचं पान इतकं कधी हवंसं वाटलं नव्हतं. मी विचारलं नाही.

"हात खाली घ्या, मॅडम," ती म्हणाली. टेप गळ्यात टाकत तिनं विचारलं, "कट्ट्यावर सध्या कोणती चाललीय?"

मी नाव सांगितलं.

"झाली वाचून?"

मी बावन्नाव्या पानावर होते. म्हणाले, "हो, पूर्ण."