दात्यांची नावं रंगवणारा निसार

गावात कुणाला आपलं नाव कायमचं राहावं असं वाटलं, की निसार पेंटरला बोलावणं जायचं. कोल्हापूरजवळचं हे गाव उसावर बरं चाललेलं आणि देण्याच्या बाबतीत भलतंच हौशी. सरकारी शाळेला पंखा दिला, घाला पात्यावर नाव. बाक दिला, घाला पाठीवर नाव. वर्ग बांधला, घाला भिंतीवर नाव. पाण्याच्या टाकीवर तर एकाच घरातल्या तीन पिढ्या नांदत होत्या. तीस वर्षं ही सगळी नावं निसारचाचांनी रंगवली. पंखा फिरायला लागला की पात्यावरचं एक अक्षरही वाचता येत नाही, हे मात्र त्यांनी कुठल्याच दात्याला सांगितलं नाही.

त्यांचं स्वतःचं नाव कुठंच नव्हतं. ती हौस त्यांना होती, उगाच कशाला लपवा?

त्यांची नात आफशीन याच शाळेत सातवीत होती. तिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. चाचा मुळात चौकस. "पाणी का पीत न्हाईस गं?" असं विचारून विचारून त्यांनी पोरीला भंडावून सोडलं. शेवटी ती वैतागली.

"नाना, प्यालं की जायाला लागतं. जायचं कुठं?"

मुलींचा संडास दोन वर्षांपूर्वी पुरात मोडला होता. उरली होती ती नुसती पुढची भिंत. चाचांना स्वतःचीच लाज वाटली. शाळेत शंभरदा गेलेला माणूस, पण मागच्या बाजूला कधी डोकावला नव्हता. तिकडं रंगवायला नाव नव्हतं ना!

संडास आपणच बांधून द्यायचा आणि दारावर आपलं नाव घालायचं, असं त्यांनी ठरवलं. मुख्याध्यापिका संयोगिताबाई खूश झाल्या. "पण चाचा, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे. तेवढं दर्शनी भिंतीवर हे लिहून द्या आधी," म्हणत त्यांनी कागद दिला. त्यावर राज्यघटनेतलं कलम होतं. सहा ते चौदा वर्षांच्या सगळ्या मुलांना राज्य मोफत आणि सक्तीचं शिक्षण देईल, असं.

पेंटर वाचतो तितक्या सावकाश कुणीच वाचत नाही. 'देईल'पाशी चाचांचा ब्रश थांबला.

"बाई, ह्यात देणाऱ्याचं नाव हाय की! मग त्यानं दिल्यालं कुठं हाय?"

"पगार देतंय. पुस्तकं देतंय."

"आन् संडास?"

बाईंनी कपाटातून पाच अर्ज काढले. पाचही अर्जांवर वरून एकच शेरा आला होता: 'लोकसहभागातून करावे.'

चाचांना आधी गंमत वाटली, मग राग आला. गाव हौसेनं देत गेलं आणि ज्यानं द्यायचं त्याला जाब विचारायचंच राहून गेलं. त्यांनी ब्रश उचलला, मागं गेले आणि संडासाच्या उरलेल्या भिंतीवर झोकात लिहिलं: 'हे स्वच्छतागृह राज्याकडून मुलींना सप्रेम भेट. तारीख:' पुढं जागा मोकळी सोडली.

तपासणीला आलेले साहेब भडकले. "हे कुणी लिहिलं?" बाईंचा चेहरा उतरला.

"मीच, साहेब," चाचा पुढं झाले. "दर्शनी भिंतीवरचंबी माझंच हाय. एक तर दोन्ही खरी करा, न्हायतर आधी कुठलं पुसू सांगा. चुना आणलाय."

जाताना साहेबांनी पाचही अर्ज मागून नेले. त्यानंतर चाचा तीनदा त्यांच्या कचेरीत जाऊन बसले. दिवाळी उलटल्यावर सरकारी मंजुरी आली आणि ती पुढची भिंत तशीच ठेवून गवंडी कामाला लागला.

काम झालं तसं बाई म्हणाल्या, "चाचा, आता तारीख घाला की."

चाचांनी चुन्याचा डबा उघडला आणि ती अख्खी ओळच पुसून टाकली. "द्यायचंच हुतं ते दिलं. त्याला भेट म्हणत्यात व्हय?"

सगळ्या शाळेत बिननावाची तेवढी एकच भिंत राहिली. त्या संध्याकाळी आफशीन घरी आली, तेव्हा नानांनी तिची बाटली घेऊन उलटी धरली. एक थेंबही पडला नाही.