व्हरांड्यातला पंखा आणि रंगारीदादा

रंगारीदादांचा वरच्या रंगावर विश्वास नसे. दार असो, खुर्ची असो की औषधांचं कपाट, अंगठ्याच्या नखाने एक कोपरा खरडून पाहिल्याशिवाय ते ब्रश हातात घेत नसत. "वरून समदं बरंच दिसतं, बाय. खाली काय हाय ते बघावं लागतं," असं मला म्हणायचे.

जव्हारच्या एका लहान दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. दादा पूर्वी संस्थानच्या मोटारी रंगवत. विलीनीकरणानंतर त्या मोटारींच्या दारांवरची राजचिन्हं पुसायचं कामही त्यांनाच सांगितलं होतं. स्वतः काढलेली चिन्हं त्यांनी दिवसभर बसून घासली, दारं पुसून स्वच्छ केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. पुढे त्यांना आमच्याकडे शिपाई म्हणून घेतलं.

दवाखान्याच्या उघड्या व्हरांड्यात भिंतीवर विजेचा एक पंखा होता. जव्हारचा पाऊस वर्षानुवर्षं त्याच्यावर आडवा येत असे. जाळी गंजलेली, पात्यांच्या रंगाचे पोपडे निघालेले. पण गावातलं विजेचं इंजिन दुपारी चालू झालं की तो फिरायचा. सूर्यमाळ, पोशेऱ्यासारख्या लांबच्या गावांहून पायी आलेल्या बाया तापलेली पोरं मांडीवर घेऊन त्याच्याखालीच बसत.

एकदा वरचे मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. डॉक्टरांनी दादांना बोलावलं. "तो पंखा फार वाईट दिसतो. उद्यापर्यंत रंग फासून टाका."

दादांनी पंखा उतरवला. नट-स्क्रू करवंटीत ठेवले, मोटरवर फडकं गुंडाळलं आणि काचकागदाने घासायला बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. पंखा भिंतीला धरून ठेवणारा बोल्ट त्यांच्या तळहातावर होता. गंजाने खाऊन तो काडीएवढा बारीक झाला होता.

"याच्याखाली पोरं निजतात, बाय," एवढंच ते म्हणाले.

डॉक्टरांना त्यांनी स्पष्ट सांगितलं, "साहेब, नवा बोल्ट घडवावा लागंल. रंगाला आठ दिवस लागतील. उद्या पंखा मी लावणार नाय."

"बोल्ट कोण बघतंय? वरून रंग द्या आणि लावा." मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, एवढा खराब आहे का तो?"

मी बोल्ट पाहिला होता. पण नोकरीला जेमतेम दोन महिने झाले होते, घरी आई माझ्यावर अवलंबून होती. मी म्हणाले, "मला त्यातलं काही कळत नाही."

दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेब आले तेव्हा भिंत रिकामी होती. पंखा कुठे गेला, म्हणून त्यांनी चारचौघांत डॉक्टरांना जाब विचारला. महिनाअखेरीला दादांची मोखाड्याला बदली झाली.

जाण्याआधी त्यांनी पंखा पुरा केला. लोहाराकडून बोल्ट आणला, आधी गंज धरू न देणारा लाल हात दिला, मग हिरव्या रंगाचे दोन पातळ हात. एका पात्याला रंग जास्त झाला तर पंखा डुगडुगतो, म्हणून प्रत्येक पातं पुन्हा पुन्हा न्याहाळत होते. आठव्या दिवशी त्यांनी पंखा भिंतीवर चढवला आणि दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. मला म्हणाले, "लाव बटण." पंखा आवाज न करता फिरला. दादांनी ब्रश धुतले आणि पिशवी उचलली. माफी मागायची म्हणून मी फाटकापर्यंत गेले, पण नुसतं "सांभाळून जा" म्हणून परत आले.

दोन वर्षांनी देवी टोचण्याच्या कामावर मी मोखाड्याला गेले, तेव्हा त्यांचं घर शोधलं. भाद्रपदात तापाने गेले, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी खोटं बोलले. मी बोल्ट पाहिला होता."

"ते ठाऊक व्हतं त्यांना," ती शांतपणे म्हणाली. "मला बोलले, बाय नवी हाय, भ्याली. पुढच्या खेपंला बोलंल."

पुढच्या नोकरीत खरं बोलल्यामुळे माझ्या दोनदा बदल्या झाल्या. दोन्ही वेळा मी सामान बांधलं, पिशवी उचलली आणि निघाले.