परक्या खेळाचा पहारेकरी

मॅलाकी टूही दारू पीत नाही म्हणून माझ्या पबमध्ये येत नाही, असं गाव म्हणायचं. खरं कारण होतं आमचा टीव्ही. माझ्या वडिलांनी तो घेतला, त्यावर फुटबॉलच्या मॅच लागायला लागल्या, आणि तेव्हापासून मॅलाकीने आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. काही निरोप असला तर खिडकीवर टकटक करायचा आणि मला बाहेर बोलवायचा, मग पाऊस असो की थंडी. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, टीव्ही बंद आहे. ये की आत." तर म्हणाला, "बंद असला तरी आहे ना तिथं."

डब्लिनपासून दूर आमच्या ड्रमशील गावात खेळ एकच, आमचा पिढीजात हर्लिंग. काठीने चेंडू मारायचा, हाडं मोडून घ्यायची आणि पुढच्या रविवारी परत उभं राहायचं. मॅलाकी दूध डेअरीत कामाला होता, पण जगायचा तो क्लबसाठी. मैदानाचं गवत तोच कापायचा, चुन्याच्या रेघा तोच मारायचा, आणि मॅच झाली की सगळ्या पोरांचे चिखलाने माखलेले शर्ट स्वतःच्या घरी नेऊन धुवायचा. लग्न केलं नाही. त्याच्या परसातल्या दोरीवर कायम दुसऱ्यांच्याच पोरांचे शर्ट वाळत असायचे.

त्या काळी क्लबचा नियम होता की आपल्या माणसाने परका खेळ खेळायचा नाही आणि बघायचाही नाही. परका म्हणजे इंग्रजांचा, आणि त्यातही मुख्य म्हणजे फुटबॉल. नियम मोडणाऱ्यांवर नजर ठेवायला माणसं नेमलेली असत. मॅलाकी त्यांतला एक. रविवारी दुपारी सायकल मारत जिल्ह्याच्या गावी जायचा आणि फुटबॉलच्या मैदानाबाहेर कुंपणाशी उभा राहून आपलं कोण आत दिसतंय ते बघायचा. पोरं त्याला कुंपणावरचा कावळा म्हणायची.

मला तो नियम शुद्ध मूर्खपणाचा वाटायचा, आजही वाटतो. पण मॅलाकीला चुगलखोर म्हणणाऱ्यांशी मी भांडले आहे. इंग्रज शिपायांनी त्याच्या वडिलांचे गुडघे बंदुकीच्या दस्त्याने फोडले होते, आणि ते आयुष्यभर लंगडत चाललेले त्याने पाहिले होते. एवढं सोसून देश मिळवला, आणि आता रविवारी आपली पोरं त्यांचाच खेळ खेळणार, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता.

त्याचा धाकटा भाऊ फेलिम आमच्या हर्लिंगच्या संघाचा गोलकीपर. हसरा, उंच, हात तर असे की चेंडू आपणहून त्यात येऊन पडावा. ज्या वर्षी आमचा क्लब पहिल्यांदा जिल्ह्याच्या फायनलला पोचला, त्याच वर्षी फेलिम गुपचूप जिल्ह्याच्या गावी डुकराच्या मांसाच्या कारखान्याच्या फुटबॉल टीममध्ये खेळायला लागला. अर्थात खोट्या नावाने. मॅलाकीने कुंपणाबाहेरून त्याला पाहिलं आणि क्लबच्या बैठकीत सख्ख्या भावाचं नाव दिलं. फेलिमवर बंदी आली. फायनल आम्ही हरलो. गावाने फेलिमला गद्दार म्हटलं आणि मॅलाकीशीही कोणी धड बोलेना. शरद ऋतूत फेलिम बोटीत बसला आणि इंग्लंडात कॉव्हेंट्रीला मोटारीच्या कारखान्यात लागला. आई गेली तेव्हाही आला नाही. दहाएक वर्षांनी तो नियमच रद्द झाला. कोणी साधा उसासाही टाकला नाही, आणि फेलिमला परत ये असं कोणी कळवलंही नाही.

मग आला नव्वद सालचा उन्हाळा. आमचा देश पहिल्यांदाच वर्ल्डकपला गेला होता. ज्या गावात फुटबॉल हा शब्द हळू आवाजात बोलायचा, तिथे खांबाखांबाला हिरवे झेंडे लागले. फादर लाव्हेल यांनी संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ बदलली. मॅनेजर तर खुद्द इंग्रज, आणि टीममधली निम्मी पोरं इंग्लंडात वाढलेली, तोंड उघडलं की कुणाचं लंडन तर कुणाचं मँचेस्टर ऐकू यायचं. कोणाचा बाप इथला, कोणाची आजी. ज्यांना आम्ही पोटासाठी नाहीतर आणखी कशासाठी बोटीत बसवलं, त्यांची ही पोरं हिरवा शर्ट घालून आमच्यासाठी धावत होती. मला अभिमान वाटला, आणि अभिमानाच्या मागोमाग लाजही वाटली. ती लाज गावात कोणी बोलून दाखवली नाही, पण राष्ट्रगीत लागलं की म्हातारे जमिनीकडे का बघत होते ते मला कळत होतं.

त्याच दिवसांत पबच्या फोनवर एका मुलीचा आवाज आला, अगदी कॉव्हेंट्रीचा. फेलिमची मुलगी, बर्नडेट. वडील इस्पितळात वारले होते. आपल्याला ड्रमशीललाच पुरावं अशी त्यांची इच्छा होती.

"आणि आणखी एक आहे," ती म्हणाली. "शवपेटीला काकांनी खांदा द्यायचा नाही. बाबांनी माझ्याकडून शब्द घेतलाय. त्यांना कसं सांगायचं मला कळत नाही."

मॅलाकीकडे फोन नव्हता, म्हणून हे सांगायची पाळी माझ्यावर आली. तो परसात शर्ट वाळत घालत होता. मी एका दमात सांगून टाकलं. आमच्याकडे भावाची पेटी भावाने उचलायची, त्यातही पुढच्या बाजूने. एरवी तोंड न बघणारेसुद्धा तेवढ्यापुरते एकत्र येतात. मॅलाकीने हातातला शर्ट नीट चिमटे लावून टांगला.

"बरं," म्हणाला. "मग सहा माणसं बघायला हवीत."

आणि माणसं त्यानेच बघितली. घरोघर फिरला. ज्यांनी त्याच्याशी वर्षानुवर्षं नमस्कारापलीकडे काही ठेवलं नव्हतं, त्यांच्या दारात उभा राहून भावासाठी खांदा मागत होता. सगळ्यांनी होकार दिला. फक्त फेलिमची गाडी सोमवारी संध्याकाळी चर्चला पोचणार होती, आणि त्याच सोमवारी आमची रुमानियाशी मॅच होती. जिंकलो तर पुढे, हरलो तर घरी.

सगळा देश टीव्हीसमोर होता. रस्ते इतके मोकळे होते की डब्लिनहून निघालेली शववाहिनी ठरल्यापेक्षा बरीच आधी गावात शिरली. इकडे मॅच संपली तरी एकही गोल झाला नव्हता, आता पेनल्टीवर निकाल लागायचा होता. माझ्या पबमध्ये उभं राहायला जागा नव्हती, आणि खांदा देणारे सहाही जण त्याच गर्दीत होते.

दार उघडलं आणि दारात मॅलाकी. काळा सूट, हातात टोपी.

त्याच क्षणी मॅटी गॅफनीने टोपी डोळ्यांवर ओढली आणि त्याच्या शेजारच्या पॅकी डोलनने बिअरच्या ग्लासाआड तोंड लपवलं. दोघेही सत्तरीचे. नियम रद्द होऊन वीस वर्षं होत आली होती, तरी कावळा दिसताच अंगातली जुनी भीती आधी जागी झाली. एरवी मी पोट धरून हसले असते.

"गाडी आली," मॅलाकी म्हणाला.

"मॅलाकी, पेनल्टी आहेत रे," कोणीतरी काकुळतीने म्हणालं.

मॅलाकीच्या मागून एक पंचविशीची मुलगी पुढे आली. काळ्या कोटाच्या आत आपल्या टीमचा हिरवा शर्ट घातलेला. फेलिमचीच उंची, फेलिमचीच हनुवटी. ती बर्नडेट आहे हे कोणाला सांगावं लागलं नाही.

"थांबू या," ती म्हणाली. "इंग्लंडशी मॅच होती ना, ती बाबांनी वॉर्डात बघितली. सगळे इंग्रज पेशंट, त्यात हे एकटे. आपला गोल झाला तर असे रडले की नर्स धावत आली. ही मॅच अर्धी टाकून त्यांना चर्चमध्ये नेलं तर ते मला सोडायचे नाहीत. दार तेवढं उघडं ठेवा."

दार उघडं ठेवलं. बाहेर गाडीत फेलिम, आत आम्ही, आणि उंबऱ्यावर मॅलाकी, एक पाऊल आत आणि एक बाहेर. एकेक पेनल्टी होत गेली. त्यांचे गोल झाले, आमचेही झाले. मग त्यांच्या शेवटच्या माणसाचा फटका आमच्या गोलकीपरने उडी टाकून अडवला. पब हादरला. मी गिऱ्हाइकांकडे न बघता मॅलाकीकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. टोपी खाली पडली होती आणि तो टाळ्या वाजवत होता.

बर्नडेटनेही ते पाहिलं. पुढच्या मिनिटाला आमचा शेवटचा गोल झाला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, टेबलावर चढले, रस्त्यावर धावले. त्या सगळ्या गदारोळात ती त्याच्यासमोर उभी होती.

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात," ती म्हणाली.

"चुकून झालं."

"तेव्हाही चुकूनच का, मिस्टर टूही?"

मॅलाकी भिंतीला टेकला. "सांगितलं त्यानं तुला?"

"शेवटच्या आठवड्यात सांगितलं. त्याआधी कधीच नाही. म्हणाले, पेनल्टी अडवली, मान वर केली तर कुंपणाशी माझा भाऊ टाळ्या वाजवत होता. मला वाटलं, सुटलो. शीळ घालत घरी आलो. आणि बैठकीत माझं नाव निघालं." ती पुढे सांगत राहिली. "म्हणाले, नुसतं नाव दिलं असतं तर मी केव्हाच विसरलो असतो, बर्नी. नाव देणं त्याचं कामच होतं. पण त्यानं आधी टाळ्या वाजवल्या."

बाहेर मोटारी भोंगे वाजवत होत्या.

"एकदा दिसला की माझं काम झालं होतं," मॅलाकी म्हणाला. "लगेच निघायला हवं होतं मी. पण संपेपर्यंत थांबलो. असा गोलकीपर मी आजवर बघितला नाही, पोरी. टाळ्या खऱ्या होत्या. नाव दिलं तेही बरोबर समजूनच दिलं. आणि तो किती सुंदर खेळला ते मी जन्मभर कुणाला सांगू शकलो नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?"

बर्नडेटने डोळे पुसले. "शब्द मी मोडू शकत नाही."

"नको मोडूस," तो म्हणाला.

सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली. एकाच्या गालावर हिरवा रंग होता, तो पुसायला वेळ नव्हता. रस्ताभर गाणारी, नाचणारी माणसं होती. पेटी दिसली तसे सगळे बाजूला झाले आणि गाणं थांबलं. पेटीमागे पहिली जागा घरच्यांची असते. तिथे बर्नडेट एकटी चालत होती. मॅलाकी मागे मागे रेंगाळत शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घोळक्यात मिसळला.

सोमवारी आमच्याकडे थडगं खणत नाहीत, म्हणून ते काम मंगळवारी सकाळी निघालं. खणणाऱ्यांना पबकडून चहा आणि एक बाटली जाते. बर्नडेट रात्री माझ्याकडेच राहिली होती. "मी येते," म्हणाली आणि किटली घेऊन माझ्याबरोबर निघाली.

दफनभूमीत मॅटी आणि पॅकी खड्ड्याच्या काठावर रिकाम्या हातांनी अवघडून उभे होते. कमरेइतक्या खोल खड्ड्यात मॅलाकी होता. काळ्या सुटाचा कोट काढून शेजारच्या दगडावर ठेवलेला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"आम्ही नको म्हटलं," मॅटी मला म्हणाला. "ऐकतच नाही. उजाडायच्या आत येऊन सुरू केलंन."

"यात चुकीचं काय आहे?" बर्नडेटने मला विचारलं.

मला सांगणं जड गेलं. "थडगं घरच्या माणसानं खणायचं नसतं, बाळ. ते शेजारी खणतात. हा स्वतःला शेजाऱ्यांत धरून चाललाय."

मॅलाकीने ऐकलं असणार, पण वर पाहिलं नाही. फावड्याने माती काढत राहिला. त्याला धाप लागली होती, तरी खड्ड्याच्या कडा त्याने मैदानावर रेघा मारताना घ्यायचा तेवढ्याच काळजीने सरळ ठेवल्या होत्या.

बर्नडेटने किटली खाली ठेवली, काठाशी जाऊन गुडघ्यांवर बसली. हिरवा शर्ट अजून तोच होता अंगावर.

"काका," ती म्हणाली. "वर या. हे शेजाऱ्यांचं काम आहे."

फावडं मातीतच थांबलं. मॅलाकी त्याच्या दांड्यावर डोकं टेकून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलताना आम्ही सगळ्यांनी पाहिले. मग त्याने फावडं वर मॅटीच्या हातात दिलं. चढायला गेला तेव्हा बर्नडेटने दोन्ही हात धरून त्याला ओढून वर घेतलं. त्याचा कोट झटकला, त्याला घातला, आणि त्याला धरून घराकडे घेऊन गेली. उरलेलं मॅटी आणि पॅकीने खणलं.