दुसरी बाही

दुपारचं जेवण झालंय, डिसेंबरचं ऊन पडवीत गुडघ्यापर्यंत चढलंय, आणि मुरलीधरराव हुपरीकर आरामखुर्चीत बसून एका बाहीकडे रागानं बघतायत. हो, रागानंच! बाही आहे तान्ह्या बाळाच्या स्वेटरची, लिंबाच्या रंगाची, धड वीतभरसुद्धा नाही. पण आख्खी नोकरी मोजणी खात्यात काढलेल्या या माणसाला तिनं आठवडाभर नाकी नऊ आणलेत. बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले भाऊभाऊ ज्यांनी गडहिंग्लज तालुक्यात चहा पाजून शांत केले, त्यांना साधे टाके मोजता येईनात. दर वेळी एक कमीच भरतो.

स्वेटर कुमुदताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोनं विणायला घेतलेला. लेकीकडून, ऋजुताकडून गोड बातमी आली, त्याच संध्याकाळी बाईंनी सुया बाहेर काढल्या. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, एक बाही झाली. दुसरी अर्ध्यावर आली आणि श्रावणात एका सकाळी, छातीत जरा कळ येतेय म्हणून पलंगावर टेकल्या त्या पुन्हा उठल्याच नाहीत. बाही तशीच राहिली, सुया अडकवलेली.

आता ऋजुता बाळंतपणाला माहेरी आलीय. मुलगी झालीय. रविवारी बारसं आहे, आणि पाळण्यात घालताना नात आजीच्या हातचाच स्वेटर घालणार, असं मुरलीधररावांनी छातीठोकपणे सगळ्यांना सांगून ठेवलंय. विणणार कोण? मेहुणी नलू बाळंतिणीचं करायला आलीय खरी, पण तिच्या बोटांचे सांधे धरलेले. राहता राहिले मुरलीधरराव. तेही डावरे! मोबाईलवरचे विणकामाचे व्हिडिओ बघून बघून त्यांची मान आखडली, पण तिथल्या सगळ्या बायका उजव्या हाताच्या. ह्यांच्या हातात आल्यावर सगळंच उरफाटं होतं.

"बाबा, चार वाजता ह्यांचा फोन येईल," सकाळीच ऋजुतानं बजावलंय. "पुण्यातनं निघायच्या आधी रेडीमेड घ्यायचा की नाही ते विचारतील. खरं सांगा. होणार आहे का?"

"होणार म्हणजे होणारच," असं तोंड भरून सांगितलं होतं त्यांनी. आणि आत्ता, तिसऱ्यांदा, स्वतः विणलेल्या ओळी उसवून टाकल्यात. फक्त स्वतःच्या हं. कुमुदच्या ओळीपाशी आले की त्यांचा हात थांबतो. तिच्या हातचा एक टाकासुद्धा ते उसवणार नाहीत.

तेवढ्यात नलू दारात येते. "दाजी, एखादी सेफ्टी पिन आहे का हो कुठं? पोरीचं दुपटं सारखं सुटतंय. आख्खं घर पालथं घातलं मी. ताई होती तोवर तिच्या बांगडीलाच चार-चार लोंबकळत असायच्या."

"तिच्याबरोबरच संपल्या वाटतं," मुरलीधरराव म्हणतात.

नलू आत जाते. ऊन मांडीवर येतं. बाही मांडीवरच आहे, सुया बोटांत आहेत, आणि डोळे मात्र ऐकत नाहीत. शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर कानावर येते, मग दूर जाते, मग येते.

"हात पुढे करा बघू."

ते करतात. सवयच ती. दोन्ही हात पुढे, तळवे समोरासमोर. कुमुद समोरच्या वेताच्या मोढ्यावर बसलीय, आणि त्यांच्या हातांवर लोकरीची लडी चढवून गुंडा गुंडाळतेय. निळ्या काठाची घरातली साडी, नाकावर घसरलेला चष्मा. बांगड्यांमध्ये पिना किणकिणतायत.

"एवढी घट्ट नसते गुंडाळायची," ती म्हणते. "मध्ये दोन बोटं ठेवायची, त्यावरून गुंडाळायचं, मग बोटं काढून घ्यायची. लोकर मोकळी राहते. तुम्ही केलेला गुंडा बघितला मी. क्रिकेट खेळता येईल त्यानं."

"अगं, तू..." ते म्हणतात, आणि आनंदानं लडीसकट पुढे झुकतात. "तू आलीस?"

"मग काय करणार? रविवारी बारसं, आणि तुमचं हे असं. हात हलवू नका!"

लडी संपत नाही. लोकर त्यांच्या हातावरून निघते, पडवीच्या पायऱ्या उतरते, आणि आता ती लोकर नाहीच, मोजणीची साखळी आहे. ते दोघं माळावर उभे आहेत. ऊन तेच. ते साखळी ओढतायत आणि दुसऱ्या टोकाला कुमुद चष्मा सावरत चालतेय, चपला हातात घेऊन.

"किती भरलं?" ते ओरडतात.

"एक कमी!"

"परत मोज!"

"मोजा तुम्हीच. आणि अहो, जरा सैल सोडा की! साखळी ताणायची असते, लोकर नव्हे. सुई मुठीत धरून ओढता तुम्ही. म्हणून तर तुमच्या ओळी आवळतात आणि बाही बाटलीच्या मानेसारखी दिसते."

माळावरचे शेतकरी हसतात. कुठून आले कोण जाणे. त्यांतला एक म्हणतो, "साहेब, बाईसाहेब म्हणतात ते बरोबर आहे." मुरलीधररावांना त्याचा मुळीच राग येत नाही, उलट बरं वाटतं. बायको चार लोकांत आपल्याला टोकतेय, म्हणजे सगळं पूर्वीसारखं आहे.

माळावर स्टोव्ह फरफरतोय. स्टोव्ह त्यांच्या गारगोटीच्या खोलीतला. लग्नानंतरची पहिली बदली, भाड्याची एकच खोली, खिडकीत तुळस. आणि आता ते त्याच खोलीत आहेत, फक्त छताच्या जागी आकाश आहे आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणालाच काही वाटत नाही. कुमुद दोन पाट मांडते.

"आठवतंय, इथं एकदा मी तुम्हाला शिकवायला बसले होते?"

"न आठवायला काय झालं? पोटात दुखेपर्यंत हसली होतीस."

"तुमच्या दोन्ही हातांची गाठ बसली होती हो! मी तरी काय करू? पण चूक माझीच होती. तुम्हाला शेजारी बसवलं होतं मी."

ते सवयीनं तिच्या शेजारच्या पाटावर बसायला जातात. ती हातानं अडवते.

"शेजारी नको. समोर बसा."

"समोर?"

"डावऱ्या माणसानं समोर बसून शिकायचं. माझा उजवा हात जिकडं, तुमचा डावा तिकडंच. आरशात बघितल्यासारखं. लोकरीची लडी धरून इतकी वर्षं समोर बसलात, आणि माझ्या कधी डोक्यात आलं नाही बघा. आणि ते मोबाईलवरचे व्हिडिओ तसे बघू नका. मोबाईल आरशासमोर धरायचा आणि आरशात बघायचं."

मुरलीधरराव तिच्या समोर बसतात. गुडघ्याला गुडघा लागतो. ती उजव्या हातानं सुई घालते, ते डाव्या हातानं घालतात. ती लोकर फिरवते, ते फिरवतात. टाका निघतो. मग दुसरा. एका चुकीच्या पाटावर बसल्यामुळे जे आयुष्यभर जमलं नाही, ते सरळ जमतंय.

"आणि माझ्या ओळीवर तुमची पहिली ओळ घालताना सुई टाक्याच्या मागच्या बाजूनं घाला," ती सांगते. "हात बदलला की टाका पिळतो. पहिली ओळ तेवढी मागून, मग नेहमीसारखं. आणि मध्येच सोडून उठायचं नाही, ओळ पुरी करून उठायचं."

"तू बरी मध्येच उठलीस," ते म्हणतात. तोंडातून निघून जातं.

कुमुद चष्म्यावरून त्यांच्याकडे बघते. स्टोव्ह फरफरत राहतो.

"घर खायला उठतं गं," ते म्हणतात. "पेपर दोनदा वाचतो. तिसऱ्यांदा मरणाच्या जाहिराती. सकाळी दोन कप चहा टाकतो आणि मग आठवतं."

"मग दुसरा कप कोण पितं?"

"मीच."

"म्हणून पित्त होतंय." ती हसते, पण हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवते, आणि तो हात ऊबदार आहे. "हाताला चाळा ठेवा काहीतरी. बाही झाली म्हणून सुया ठेवून देऊ नका. मग मफलर घ्या. त्यात वाढवायचं नाही, घटवायचं नाही, सरळ जायचं, शिकणाऱ्याला बरं. उरलेल्या लोकरीचा टोपड्याला गोंडा करा. पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या कापायच्या, मध्ये भोक, दोन्ही मिळून लोकर गुंडाळत जायची भोक बुजेपर्यंत. मग कडेनं कापायचं आणि दोन चकत्यांच्या मधून दोरा आवळायचा. तुम्ही तर कंपासपेटी घेऊन बसाल, मला माहीत आहे."

"गोल म्हणजे गोल पाहिजे."

"घ्या! बरं, आता बाही दाखवा."

ते दाखवत नाहीत. दोन्ही हातांनी छातीशी धरतात. "एक टाका कमी येतो, कुमुद. आणि तुझ्या ओळी मी उसवणार नाही. रेडीमेड आणला तर आणला. पण नाही उसवणार."

"माझ्याच ओळीत चुकलंय ते," ती म्हणते.

"शक्यच नाही."

"अहो, मालिका बघत विणत होते मी. त्या सुनेनं सासूला जिन्यावरून ढकललं, आणि माझा टाका गळला. मला कळलंच नाही." ती बाही त्यांच्या हातातून अलगद सोडवून घेते, उन्हाकडे धरते. "हे बघा. चार ओळी खाली."

तिथं खरंच एक बारीक वेटोळं आहे, एकटं, सुईवरून सुटलेलं, आणि त्याच्यावर आडव्या दोऱ्यांची शिडी.

"उसवायचं कशाला? क्रोशाच्या सुईनं एकेक पायरी वर घ्यायचं, येतो सुईवर. माझ्या डब्यात आहे क्रोशाची सुई, बटणांच्या खाली. पण आधी त्याला अडवायचं, नाही तर आणखी खाली घसरत जातो." ती बांगडीतली एक पिन काढते, वेटोळ्यात घालते, आणि टक् करून बंद करते. "झालं. आता कुठं जात नाही तो."

मुरलीधरराव बघत बसतात. मग एकदम आठवून म्हणतात, "तू नातीला बघितलंस का?"

"सांगा ना, कुणासारखी आहे?"

"नाक तुझं."

"कर्म माझं! आणि?"

"डावी मूठ तोंडात घालते सारखी. उजवी म्हणून नाही."

"अगं बाई!" कुमुद टाळीच वाजवते, सगळ्या पिना वाजतात. "डावरी निघते की काय! मग तर झालंच. तिला शिकवायला ह्या घरात तुमच्याशिवाय कोण आहे? तिला तुम्ही अगदी शेजारी घेऊन बसू शकाल. दोघांचे हात एकाच बाजूला."

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तान्ह्या पोरीचं इतक्यात काय कळणार, असं म्हणायला ते तोंड उघडतात, पण म्हणत नाहीत. तुळशीच्या खिडकीत एक लहान मुलगी आत्ताच त्यांना दिसायला लागलीय, दोन वेण्या, जीभ बाहेर काढून, डाव्या हातात सुई.

"बघा, उठली," कुमुद म्हणते.

"कोण?"

आतून रडण्याचा आवाज येतो. बारीक, चिरका, भुकेला. आकाशाचं छत होतं तिथे आता कौलं आहेत. समोरचा पाट मोढा झालाय आणि मोढ्यावर फक्त ऊन बसलंय. गिरणी बंद पडलीय. मुरलीधररावांचे दोन्ही हात अजून पुढे धरलेले आहेत, तळवे समोरासमोर.

ते हात खाली घेतात. डोळे पुसतात. आणि मांडीवरची बाही उचलतात, कारण दुसरं करायला काही नाही.

चार ओळी खाली पिन आहे.

ते चष्मा काढून पुसतात, परत लावतात. पिन तिथंच आहे, पितळी, जरा वाकडी, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तिच्यात एक टाका धरलेला. ते सुईवरचे टाके मोजतात, आयुष्यात कुठला सातबारा तपासला नसेल इतक्या काळजीनं. मग त्यात हा पिनेतला मिळवतात. बरोबर भरतात. परत मोजतात. बरोबर.

मग ते उठतात, समोरचा मोढा गुडघ्याला गुडघा लागेल इतका खुर्चीजवळ ओढून ठेवतात, आणि परत खुर्चीत बसतात.

ऋजुता बाळाला खांद्यावर थोपटत येते, कानाला मोबाईल. मागोमाग नलू. "बाबा, ह्यांचा फोन आहे. दुकानातच उभे आहेत. काय सांगू? घेऊ देत का?"

"नको. माझी बाही होतेय. उद्या रात्रीपर्यंत पुरी."

"बाबा, नक्की?"

"नक्की. नलू, तुझ्या ताईच्या डब्यातली क्रोशाची सुई आण. बटणांच्या खाली आहे."

नलू जायला वळते, आणि तिची नजर बाहीवर पडते. "अगं बाई, पिन! दाजी, कुठं मिळाली हो? द्या इकडं, पोरीचं दुपटं..."

मुरलीधरराव बाही चटकन छातीशी धरतात. डावा हात पिनेवर.

"ऋजुता," ते म्हणतात, "जावयांना सांग, स्वेटर राहू दे, सेफ्टी पिना घेऊन या म्हणावं. चांगलं पाकीटभर. ही मी देणार नाही."