व्हॅक्यूमआबा

"कसं काय?" असं व्हॅक्यूमआबांनी कुणाला विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. ते विचारायचे, "किती इंच?" बाळंतिणीला, परीक्षेहून आलेल्या पोराला, तापातून उठलेल्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना हेच. लोणावळ्यातल्या लोकांना त्याची सवय होती. ज्याचं बरं चाललेलं असे तो "वीस" म्हणायचा, ज्याचं ढेपाळलेलं असे तो "दहा-बारा" म्हणून पुढे जायचा. मी पडले तळेगावची, शाळामास्तरांची बायको. मला हे काय ठाऊक? मी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या उजव्या बरगड्यांमधून एक रबरी नळी बाहेर आलेली होती, आणि समोर खाकी डगल्यातला एक उंच, काळा माणूस अगदी गंभीरपणे माझे इंच विचारत होता. मला वाटलं, हा माझ्या तिरडीचं माप घ्यायला आलाय.

आबा रेल्वेत ब्रेकचे फिटर होते. पुण्याकडून आलेली गाडी घाट उतरायच्या आधी लोणावळ्याला थांबे, तेव्हा तिच्या ब्रेकची नळी पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत तपासायची हे त्यांचं काम. त्या नळीतली हवा ओढून काढली की ब्रेक सुटतात आणि हवा आत शिरली की लागतात. ओढ किती बसली ते काट्यावर इंचांत दिसतं. वीस इंच भरले की गाडी घाटात सोडायची. पण आबांचा काट्यापेक्षा स्वतःच्या कानावर आणि अंगठ्यावर जास्त विश्वास. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ते गाडीच्या कडेने चालत जायचे आणि नेमके गळक्या जोडापाशी थांबायचे. नळीचं उघडं तोंड दिसलं की त्यावर अंगठा ठेवल्याशिवाय त्यांना राहवत नसे, मग ती रेल्वेची असो की बागेतली. त्या अंगठ्यावर कायमचा एक गोल लाल वळ होता.

जगातल्या सगळ्या कटकटींवर त्यांच्याकडे एकच तोडगा असायचा. भाऊबंदकीचं भांडण असो की देवळाच्या पंचांची बाचाबाची, आबा म्हणायचे, "एक डबा गळाया लागला का समदी गाडी अडती. त्यो डबा काडा, गाडी जाती." लोक हसायचे. आबाही हसायचे.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध लागायच्या आधीची, म्हणजे आजची औषधं यायच्या आधीची. मला न्यूमोनिया झाला, त्यातून उठते न उठते तोच छातीत पू साठला, आणि तळेगावच्या वैद्यांनी हात टेकल्यावर मला लोणावळ्याच्या एका लहानशा खाजगी इस्पितळात आणलं. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. तिला आईकडे ठेवलं आणि सोबत सासूबाई आल्या. सोवळ्याच्या इतक्या कडक की इस्पितळाच्या मागच्या पडवीतही स्वतःची शेगडी आणि स्वतःचं पाणी वेगळं मांडून बसल्या. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की नुसता पू वाहून जाऊन भागत नाही. दबलेलं फुप्फुस तसंच मिटून राहिलं तर पोकळीत पुन्हा पू धरतो आणि माणूस ताप येऊन येऊन झिजून जातो. बाहेरून सतत हलकी ओढ लागली तर ते हळूहळू उलगडतं. ती ओढ लावायचं साधन त्यांच्याकडे एकच होतं आणि ते शेजारच्या खोलीत लागलेलं होतं.

शेजारच्या खोलीत यशवंता होता, आबांचा एकुलता एक मुलगा, विशीतला. दुखणं तेच, फक्त त्याचं डाव्या बाजूला. आमच्या दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती. तिकडचा उसासाही इकडे ऐकू यायचा. साधन म्हणजे मुंबईहून आणलेला वीतभर काचेचा पंप. छपरावरच्या टाकीतून पाणी खाली यायचं, बारीक तोंडातून धार होऊन सुटायचं आणि पुढच्या अरुंद घशात शिरताना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून न्यायचं. त्या हवेच्या वाटेला यशवंताच्या छातीतली नळी जोडलेली. वापरलेलं पाणी व्हरांड्यातल्या पिंपात पडायचं आणि आबा ते बादल्यांनी शिडीवरून पुन्हा टाकीत चढवायचे. दिवस वैशाखाचे, नळाला पाणी घटकाभर. ड्यूटी सुटली की आबा आणि ती शिडी.

मी आले त्याच आठवड्यात काचेच्या पंपाला तडा गेला. दुसरा मुंबईहून यायला वेळ होता. आबांनी शेडमधल्या पितळेच्या तुकड्यांतून नवा पंप कातून आणला आणि लावायच्या आधी काटा जोडून डॉक्टरांना दाखवला. अठरा इंच. असा आनंद मी त्यांच्या आवाजात नंतर कधी ऐकला नाही. डॉक्टर दुसऱ्या रोग्याकडे वळले होते. ते परत यायच्या आत आबांनी नळी जोडली. यशवंता असा ओरडला की माझ्या हातातली वाटी पडली. डॉक्टरांनी धावत येऊन नळीला चिमटा लावला, तोवर बाटलीत रक्त उतरलं होतं.

डॉक्टर रागावले नाहीत, म्हणाले, "आबा, मला इंचभरच ओढ हवी आहे. पण ती रात्रंदिवस हवी." आबा व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिले. सबंध आयुष्य जास्त ओढ म्हणजे चांगली ओढ असं मानण्यात गेलेलं. घाटात हजारो माणसांचा जीव त्यावर राखलेला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्वतःशीच बोलताना ऐकलं, "ब्रेक न्हवं, पोरगं हाय." हे वाक्य पुढे ते कामाला हात घालण्याआधी, देवाचं नाव घ्यावं तसं, म्हणत असत.

मग त्यांनी पंपाचा घसा मोठा केला. धार तेवढीच ठेवायची, पण तिने जोरात थोडं ओढण्यापेक्षा हळू आणि पुष्कळ ओढावं, असा बेत. धारेचं तोंड घशाच्या जवळ आणायचं तर अर्धा आटा पुढे, लांब न्यायचं तर पाव आटा मागे. घसा गुळगुळीत करायला राखेत बुडवलेली सुतळी आतून मागेपुढे ओढत ते तासन् तास बसायचे. पुढची नळी हळूहळू रुंदावत नेली, म्हणजे पाणी धडपडत बाहेर न पडता शांतपणे पडेल. आणि दर खेपेला पिंपात वाकून बघायचे आणि चिडून विचारायचे, "बादलीभर पानी सांडतं तवा वाटीभर हवा वढतं. बाकीचं कुटं गेलं?" सासूबाई कुजबुजत म्हणाल्या, "ह्याचं डोकं फिरलंय." मला तसं वाटलं नाही. त्या 'बाकीच्या'त त्यांच्या मुलाचा श्वास अडकला आहे हे मला कळत होतं, कारण माझाही अडकला होता. मला पुन्हा संध्याकाळचा ताप यायला लागला होता.

एका सकाळी आबा दारात उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "मावशी, आता निम्म्या पान्यात भागतंय. ताईंचीबी नळी जोडतो." डॉक्टरांनी मान डोलावली. फळ्यांच्या भिंतीला भोक पाडून एका पंपाला दोन छात्या जोडल्या गेल्या. कुणी मागितलं नव्हतं. मी आभार मानायला लागले तर म्हणाले, एका डब्याचं बघून गाडी सोडायची रीत आमच्यात न्हाई.

त्यानंतरचे काही दिवस आम्ही चक्क आशेवर होतो. फुप्फुसाच्या व्यायामासाठी आम्हा दोघांना एकेक बाटली दिली होती, फुंकून पाणी एकीतून दुसरीत ढकलायचं. यशवंता पलीकडून पैजा लावायचा. "ताई, माजी झाली. तुमची आजून न्हाई व्हय?" साफ खोटं असायचं, त्याची झालेली नसायचीच. माझा ताप उतरला. त्याचाही उतरू लागला. आबा येता-जाता दोन्ही नळ्यांवर अलगद अंगठा ठेवून बघायचे आणि म्हणायचे, "एक. एकच इंच. लय झाला."

मग एके दिवशी यशवंताला खोकल्याची मोठी उबळ आली आणि त्याच्या बाटलीत बुडबुडे सुरू झाले, ते थांबेनात. फुप्फुसालाच भोक पडलं होतं. श्वासाची हवा तिथून पोकळीत आणि पोकळीतून पंपात. पंप कितीही ओढो, तो जणू बाहेरचं वारं ओढत होता. त्याच्या बाजूची पकड गेली आणि पंप एकच असल्यामुळे माझीही गेली. संध्याकाळी माझं अंग पुन्हा तापलं.

आबांनी काय केलं नाही? आटे फिरवले, घसे बदलले, दुसरा पंप लावून पाहिला तर टाकी दुप्पट वेगाने रिकामी व्हायला लागली. शेडमधले गडी ड्यूटी संपवून बादल्या वाहायला यायचे. वलवणच्या धरणातलं पाणी नळांतून घाटाखाली उतरून मुंबईचे दिवे लावत होतं आणि इथे हा माणूस पिंपातलं तेच तेच पाणी शिडीने वर नेत होता. त्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नसे. एकदा व्हरांड्यात त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "त्या अठरा इंचानंच फाटलं न्हवं?" डॉक्टर म्हणाले, नाही, रोगानेच पोखरलं होतं, ते कधीतरी फुटणारच होतं. ते खरं सांगत होते की समजूत घालत होते, मला आजही ठाऊक नाही.

शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ही गळती या पंपाने, या पाण्याने भरून निघायची नाही. यशवंताची नळी पंपावर राहिली काय अन् साध्या बाटलीत सोडली काय, त्याला फरक नाही. बाईंना मात्र आहे. चिमटा लावा असं काही ते म्हणाले नाहीत. सांगून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

दुपार होती. आबा यशवंताच्या खोलीत गेले. डोळे मिटून, मान कलती करून ते त्या नळीचा आवाज ऐकत असतील असं मला वाटलं, कारण बराच वेळ तिकडून काहीच ऐकू आलं नाही. मग चिमट्याचा खट् असा आवाज झाला आणि माझ्या छातीत ती ओळखीची हलकी ओढ पुन्हा बसली.

"आबा, वढ थांबली," यशवंता म्हणाला.

"टाकीत पानी न्हाई."

व्हरांड्यात पिंपात धार पडत होती, एकसारखी.

"मंग ही धार कशाची?"

यशवंता रेल्वेवाल्याचा मुलगा. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "आपलाच डबा गळतोय व्हय?"

"व्हय," आबा म्हणाले.

माझा हात नळीकडे गेला. सासूबाईंनी तो धरला आणि सोडला नाही. त्यांनी धरला नसता तर मी नळी उपटली असती का? मला नाही वाटत. मला जगायचं होतं. माझी पोर रांगत होती.

त्याच आठवड्यात यशवंता गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता. पैज मात्र पुन्हा लावली नाही त्याने.

अंत्यविधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्याच्या पायरीखाली आबा उभे. सुतक होतं, म्हणून ते वर चढत नव्हते, वरच्या कशाला शिवत नव्हते. बाहेरून भरून आणलेली बादली पायरीवर ठेवून कुणीतरी ती वर न्यावी म्हणून वाट बघत होते. शेडमधलं अजून कुणी आलं नव्हतं. टाकी संपत आली होती. धार बारीक झालेली मला ऐकू येत होती. सासूबाई उठल्या. ज्या बाईने इस्पितळाच्या पाण्याला बोट लावलं नव्हतं, तिने लुगड्याचा ओचा खोचला, पायरी उतरून आबांसमोर जाऊन उभी राहिली आणि पुढची बादली सरळ त्यांच्या हातातूनच घेतली. मग ती शिडी चढली. सबंध सुतकभर ते पाणी भरून देत होते आणि सासूबाई चढवत होत्या.

मी बरी होऊन घरी आले. आबांनी "किती इंच?" विचारणं त्या उन्हाळ्यापासून बंद केलं. गाडीखालच्या जोडापाशी ते पूर्वीसारखेच थांबत, पण भाऊबंदकीच्या भांडणात कुणी त्यांना तोडगा विचारला तर उठून जात. 'बाकीचं कुटं गेलं?' हेही कुणी पुन्हा ऐकलं नाही. तो पितळी पंप डॉक्टरांनी पुढे बऱ्याच रोग्यांना लावला आणि त्यांतली कितीतरी माणसं चालत घरी गेली. हे मी आबांना सांगितलं की ते अंगठ्यावरचा वळ चोळत बसायचे. माणसाने स्वतःला इतकी शिक्षा करू नये असं मला वाटायचं, कधीकधी रागही यायचा. पण बोलणार कोणत्या तोंडाने?

नोकरी सुटल्यावर ते वलवणला राहायला गेले. मी वर्षातून एकदा मुलीला घेऊन जायची. शेवटची गेले तेव्हा मुलगी लग्नाची झाली होती आणि आबा अंथरुणाला खिळले होते. दृष्टी गेली होती. मी जवळ बसले तेव्हा त्यांनी आवाजावरून ओळखलं. मग म्हणाले, "ताई, एक लांब श्वास वढा."

मी ओढला, दोन्ही बाजू भरेपर्यंत. आबांनी डोळे मिटले, मान तशीच एका बाजूला कलती केली आणि ऐकत राहिले.

"गळत न्हाई," ते म्हणाले.

तो श्वास मग मला सोडवेना.